ठराव झाला, तरी गटार का होत नाही? गावाचं वर्ष आणि ग्रामपंचायतीचे कागद

प्रश्न असा आहे: शिरोळ तालुक्यातल्या एका गावात पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्या ताईंना वर्षभरात ग्रामपंचायतीत कधी काय होतं आणि सदस्यानं कशावर लक्ष ठेवायचं हे जाणून घ्यायचंय. त्यांच्या वॉर्डातल्या गटारीचा ग्रामसभेत दोनदा ठराव झाला, तरी काम सुरू का होत नाही, हेही त्यांनी विचारलंय.

ताई, आधी गटारीचं बघू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाची मागणी. काम सुरू व्हायला त्यापुढे चार कागद लागतात: आराखड्यात नाव, अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता, आणि कार्यारंभ आदेश. तुमचा ठराव बहुतेक मे किंवा ऑगस्टमध्ये झाला असणार. तोवर त्या वर्षाचा विकास आराखडा ठरून ऑनलाइन चढलेला असतो. मग ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताच्या वहीत, राहतो, पुढच्या आराखड्याच्या वेळी तो कुणी काढून दाखवत नाही आणि सदस्यही विसरतो. म्हणून मागणी काय आहे याच्याइतकंच ती कोणत्या महिन्यात, कोणत्या कागदावर गेली हे बघावं लागतं.

गटारीला आणखी दोन अडचणी हमखास येतात. तो रस्ता ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर 23 ला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का, हे पहिलं बघा. बोळ वर्षानुवर्षं वापरात असतो, पण 23 ला नोंद नसली की शाखा अभियंता अंदाजपत्रक करत नाही, आणि केलंच तर शेजारचा 'ही माझी जागा' म्हणून अर्ज टाकतो. दुसरी अडचण शेवटाची. गटार सुरू कुठून होते हे सगळ्यांना माहीत असतं, पाणी शेवटी कुठं सोडायचं हे कुणी बोलत नाही. ते कुणाच्या तरी रानात नाहीतर परड्यात जाणार असतं, तो माणूस काम अडवतो आणि मंजूर पैसा परत जातो. म्हणून ठरावाआधी शेवटच्या जमीनमालकाची लेखी संमती घ्या, नाहीतर पाणी ओढ्यापर्यंत किंवा शोषखड्ड्यापर्यंत न्यायची लांबी धरूनच मोजणी करून घ्या. उतार शंभर फुटाला निदान सहा इंच तरी मिळायला हवा. तेवढा मिळत नसेल तर ती गटार दोन पावसाळ्यांत गाळानं भरते.

शोषखड्ड्याबद्दल सावधपणे सांगतो. भुदरगड-आजऱ्याच्या तांबड्या मुरमाड जमिनीत तो छान चालतो. शिरोळ-हातकणंगल्याच्या नदीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी मुरतच नाही, आणि पावसाळ्यात खालूनच पाणी वर येतं. तिथं घरटी शोषखड्ड्यांचं उद्दिष्ट कागदावर पूर्ण होतं, डबकी मात्र तशीच राहतात. तुमच्याकडं बंदिस्त पाइप गटार आणि शेवटी स्थिरीकरण तळं (सांडपाणी साठून निवळायचं तळं), असा आग्रह धरा.

आता पैशाचं. गावाचे पैसे एका पेटीत नसतात. केंद्राच्या वित्त आयोगाचा निधी वेगळा, स्वनिधी म्हणजे घरफाळा-पाणीपट्टी-गाळेभाडं वेगळं, आणि जिल्हा परिषद किंवा आमदार-खासदार फंडातून येणारी कामं वेगळी. 15व्या वित्त आयोगात (2020-21 ते 2025-26) जिल्ह्याला आलेल्या रकमेतले 80 टक्के ग्रामपंचायतींना, 10 पंचायत समितीला आणि 10 जिल्हा परिषदेला, अशी वाटणी होती. ग्रामपंचायतीच्या वाट्यातही पहिलं वर्ष सोडलं तर 60 टक्के बंधित, 40 टक्के अबंधित. बंधित म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांनाच. रस्त्याचं काँक्रीट त्यातून करता येत नाही, पण सांडपाण्याची गटार बसते. हे माहीत नसल्यानं सदस्य अबंधितच्या तुटपुंज्या रकमेसाठी भांडत बसतात आणि बंधित पैसा मार्चमध्ये घाईनं कुठंतरी खर्ची पडतो. 16व्या आयोगाचा काळ 2026-27 पासून आहे. त्याच्या वाटणीचं परिपत्रक ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक) मागून घ्या आणि गटार कोणत्या हेडखाली बसते हे आधीच विचारा.

स्वनिधीतले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखावे लागतात. मार्चअखेर दिव्यांगांना एकदा चेक वाटून फोटो काढला जातो. वसुली वर्षभर होते, मग वाटप एकदाच आणि तेही अंदाजानं का, हा प्रश्न मासिक सभेत नक्की विचारा.

वर्ष एप्रिलपासून धरा. कागदाचं वर्ष 1 तारखेला सुरू होतं आणि गावाचं पाडव्याला, दोन्ही जवळजवळ एकत्रच. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, मग गावोगावच्या यात्रा आणि म्हाया. या दिवसांत ग्रामपंचायतीकडं यात्रा कमिटीचं दडपण असतं. यात्रा कमिटीची पट्टी, खर्च आणि हिशेब त्यांचा त्यांच्याकडं ठेवा, ग्रामपंचायतीच्या खात्यात मिसळू देऊ नका. ग्रामपंचायतीनं करायचं ते पाणी, दिवाबत्ती, सफाई आणि कुस्ती मैदानाची जागा. यात्रेच्या मटणाच्या दिवशी घरोघरी पै-पाहुणे असतात, पाण्याची मागणी दुपटीनं वाढते, आणि नेमकी त्याच दिवशी वीज जाते. आदल्या रात्री दोन्ही टाक्या भरून ठेवा. कातडी-आतड्यांसाठी गावाबाहेर खड्डा आधीच काढून ठेवा आणि वर चुना-माती टाकायला माणूस नेमा. तो नेमला नाही तर दुसऱ्या दिवशी सगळं ओढ्यात सापडतं.

एप्रिलमध्येच घरफाळ्याची मागणी बिलं निघायला हवीत. 30 सप्टेंबरच्या आत चालू कर भरला तर 5 टक्के सूट मिळते. बरीच गावं बिलं ऑक्टोबरनंतर वाटतात, म्हणजे लोकांची सूट जाते आणि वसुली सगळी ऊसबिलावर अवलंबून राहते. नमुना 8 म्हणजे आकारणी, 9 म्हणजे मागणी आणि वसुली, 10 म्हणजे पावती. नऊ नंबर एकदा घेऊन बसा. मोठी थकबाकी गरिबाची क्वचितच असते.

तुमचा स्वतःचा फाळा मात्र पहिल्या आठवड्यात भरा. मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 खाली सदस्यपद जातं, आणि विरोधी गट त्या तारखांवर डोळा ठेवून असतो. तसंच गायरानातल्या किंवा सरकारी जागेवरच्या अतिक्रमणाचं. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथं राहत असाल तर ते तुमच्यावर येऊ शकतं.

मासिक सभा दर महिन्याला झालीच पाहिजे. नोटीस तीन पूर्ण दिवस आधी, विषयपत्रिकेसकट, लेखी यायला हवी. सभेला तुम्ही स्वतः बसा. सदस्याच्या जागी घरच्या पुरुषानं बसणं हे कायद्यात कुठंच नाही, आणि रजेशिवाय सलग सहा महिने गैरहजर राहिलात तर जागाच रिकामी होते. रोकड वही (नमुना 5) दर सभेत समोर ठेवायला सांगा. सुरुवातीला काही कळलं नाही तरी चालेल, वही मागितली जाते एवढ्यानंच फरक पडतो. सभा संपताना प्रोसिडिंग वाचून दाखवायला लावा, शेवटच्या ओळीखाली लगेच सही करा आणि मोकळी राहिलेली जागा आडवी रेघ मारून बंद करा. सही आधी घेऊन मजकूर मागाहून लिहिणं ही गावोगावची जुनी खोड आहे. गटारीचा ठराव एका बोळाचा होता आणि नक्कल काढल्यावर दुसऱ्याच बोळाचा निघाला, असं होतं ते यामुळंच.

ग्रामसभा आर्थिक वर्षात निदान चार व्हायच्या असतात आणि पहिली वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत. त्या पहिल्या सभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणाचे शेरे वाचले जायला हवेत. गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी कमी ती. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मोठे निर्णय तीस-चाळीस माणसांत होतात ते या वाटेनं. म्हणून पहिल्याच सभेला आपल्या वॉर्डातली माणसं आणा. प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते आणि तिचे ठराव ग्रामसभेत मांडायचे असतात. ती तुमची सर्वात बळकट जागा आहे. तिला वीस जणी आल्या आणि इतिवृत्त नीट लिहिलं गेलं तर पुढच्या सभेत विषय डावलणं अवघड होतं.

ग्रामसभेच्या ताकदीचा दाखला तुमच्याच तालुक्यात आहे. हेरवाड ग्रामसभेनं 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला: पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं थांबवायचं. राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत होती तो तो आठवडा. त्याच महिन्यात 17 तारखेला राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. अशा ठरावाला दंडाची ताकद नसते, तो पाळला जातो तो माणसांमुळं. भावकीतल्या वयस्कर बायका आधी तयार झाल्या पाहिजेत. मयतीच्या घरी त्या वेळी ठामपणे उभ्या राहणाऱ्या दोन-तीन जणींची नावं आधीच ठरलेली असली पाहिजेत. पुढच्या हळदीकुंकवाला त्या बाईला आवर्जून बोलावणं गेलं पाहिजे. एवढं ठरलेलं नसेल तर ठरावाची नुसती फ्रेम भिंतीवर लागते.

दारूबंदीचंही तसंच आहे. गावातलं दुकान बंद करायच्या मतदानात, आलेल्या बायकांपैकी निम्म्या उपयोगी नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडायला लागतात. माहेरी गेलेल्या, तोडीला गेलेल्या, पुण्या-मुंबईला असलेल्या सगळ्या त्या बेरजेत असतात. त्यामुळं तारीख सणासुदीजवळची मागा, बायका गावात असतात तेव्हाची.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत ग्रामपंचायतीचं खरं काम पाण्याचं. टीसीएल पावडरचं (पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरचं) गणित पाठच करा: पावसाळ्यात हजार लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे 50 हजार लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. पावडर बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायची, मग बादली पाऊण भरायची, दहा-पंधरा मिनिटं चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत ओतायचं. खालचा गाळ टाकीत गेला की व्हॉल्व्ह धरतात. टाकी भरत असतानाच ओतायचं म्हणजे नीट मिसळतं, आणि पाणी सोडायच्या आधी निदान अर्धा-एक तास जाऊ द्यायचा. तपासणी टाकीजवळच्या नळाला करू नका. सर्वात शेवटच्या घरच्या नळाचं पाणी घेऊन ओटी टेस्ट करायची. फिकट पिवळा रंग आला, म्हणजे क्लोरीन निदान 0.2 पीपीएम उरलाय, तरच पाणी ठीक. रंग टाकीजवळ येतो आणि शेवटी येत नाही, तेव्हा मधे कुठंतरी गळती आहे, आणि बहुतेक ती गटारीतून गेलेल्या नळजोडणीत सापडते. पोतं उघडं राहिलं की पावडरीतला क्लोरीन उडून जातो. 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर कितीही टाकली तरी उपयोग नाही. म्हणून वर्षाचा साठा एकदम घेऊ नका. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पाणीस्रोत सर्वेक्षणात गावाला लाल, पिवळं की हिरवं कार्ड मिळालं, आणि का, हे ग्रामसभेत वाचायला लावा.

पुराची तयारी मे महिन्यातच व्हायला हवी. पंचगंगेची कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. करवीरातली चिखली, आंबेवाडी त्या आकड्यावर हलतात. तुमच्याकडं कृष्णेचंही पाणी असल्यानं नृसिंहवाडी आणि राजापूर बंधाऱ्याची पातळीही रोज लिहून ठेवावी लागते. शिरोळचा पूर चढतो हळू आणि उतरतो त्याहून हळू, घरं दिवसच्या दिवस पाण्यात राहतात. लोक शेवटच्या घटकेपर्यंत घर सोडत नाहीत ते गोठ्यातल्या जनावरांसाठी. जनावरांची जागा, चारा आणि दुधाची गाडी कुठं येणार हे आधी ठरलं की माणसं आपोआप निघतात. दूध संस्थेच्या सचिवाला पूर समितीत घ्या, कुणाच्या दावणीला किती जनावरं आहेत हे त्याला पाठ असतं. घटसर्प-फऱ्याचं लसीकरण पावसाच्या तोंडावर करून घ्या. आशाताईंकडून गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसचे रुग्ण यांची यादी घ्या. ही माणसं इशारा पातळीलाच हलवायची.

जॅकवेलवरचं (नदीकाठच्या पाणी उपसायच्या विहिरीवरचं) पॅनल आणि स्टार्टर 2019 आणि 2021 च्या पूररेषेच्या वर बसवलेले आहेत का बघा. नसतील तर उतरवायला माणूस आणि जागा ठरवून ठेवा. ती पेटी बुडाली की पूर ओसरल्यावरही गाव कितीतरी दिवस टँकरवर राहतं. पंचनाम्यात सर्वात जास्त घोळ होतो तो आठ नंबरच्या उताऱ्यावरून: घर मयत वडिलांच्या नावावर, राहतात तीन भाऊ, आणि नुकसानीची रक्कम एकालाच. वारस नोंदी उन्हाळ्यातच लावून घ्या. प्रत्येकाला सांगा, भिंतीवरची पाण्याची खूण पुसायच्या आधी फोटो काढून ठेवा.

गणपतीत मूर्तिदान आणि निर्माल्याची काहिली (मोठी कढई) आपल्याकडं आता रुळलीय. फक्त ट्रॅक्टर आणि माणसं आधी सांगून ठेवा.

आता तुमच्या दृष्टीनं सर्वात मोलाचे दिवस: ऑक्टोबर ते जानेवारी. गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा याच काळात तयार होतो आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. ग्रामपंचायतीचं पुढच्या वर्षाचं जमाखर्चाचं अंदाजपत्रकही (बजेट) याच सुमाराला बनतं. आणि नेमका याच वेळी आपल्याकडं गळीत हंगाम सुरू होतो. तोड आली की माणूस फडात, ट्रॅक्टर कारखान्याच्या रांगेत, बायका वैरणीला. आराखड्याची ग्रामसभा दुपारी बाराला ठेवली की येतो फक्त ज्याला काहीतरी पास करून घ्यायचंय तो. सभा संध्याकाळी सातनंतर ठेवा असा अर्ज सप्टेंबरमध्येच द्या आणि त्याची पोच घ्या.

त्याआधी वॉर्ड सभा घ्या, शिवारफेरीसारखी गल्लीफेरी काढा. कामांची नावं मोघम लिहू देऊ नका. 'गावात गटर बांधणे' असं लिहिलं की ती गटर कुठंही बांधता येते. 'अमुक घर ते अमुक ओढा, इतके मीटर, बंदिस्त पाइप गटार' असं लिहून घ्या. तुमचे जुने दोन ठराव नक्कल काढून त्याला जोडा. क्रम पण पक्का करा: आधी पाण्याची पाइप, मग गटार, मग काँक्रीट. आपल्याकडं तो नेहमी उलटा होतो, कारण रस्ता दिसतो आणि पाइप दिसत नाही. मग नवा रस्ता सहा महिन्यांत नळासाठी फुटतो. जुन्या काँक्रीटवरच नवं चढवत गेलं की रस्ता उंबऱ्याच्या वर येतो आणि पावसाचं पाणी घरात शिरतं. आधीचा थर काढूनच नवा टाकायचा, हे अंदाजपत्रकातच लिहून घ्यावं लागतं.

आराखडा पोर्टलवर चढल्यावर त्याची प्रिंट मागून आपल्या कामाचं नाव, रक्कम आणि बंधित की अबंधित हे स्वतः वाचा. ग्रामसभेत मंजूर यादी आणि पोर्टलवरची यादी यांत फरक पडतो. तो फरक जानेवारीत पकडला तर दुरुस्त होतो, मे महिन्यात पकडला तर उत्तर 'पुढच्या वर्षी' असं येतं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये खर्चाची धावपळ असते. काम चालू असताना कार्यारंभ आदेश आणि अंदाजपत्रकाची प्रत खिशात ठेवून जागेवर जा. खोदाईची खोली, खालचा मुरूम-खडीचा थर, पाइपचा व्यास एवढं टेपनं मोजता येतं. काँक्रीटवर पाणी मारणं निदान दोन आठवडे चालायला हवं. मार्चच्या उन्हात ते चार दिवसांत थांबतं आणि पावसाळ्यापर्यंत वरचा थर खडी सोडतो. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्याशिवाय आणि जागेवर पाहणी झाल्याशिवाय बिलाला मंजुरी देऊ नका. वित्त आयोगाचे पैसे सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल सहीनं जातात, पण खर्चाला मान्यता मासिक सभेची लागते, आणि तिथं तुमचं एक मत आहे. विरोध असेल तर तोंडी बोलून थांबू नका, 'माझा विरोध नोंदवा' म्हणा आणि कारणासकट तो लिहिला गेलाय हे वाचून सही करा.

आत्ता लगेच करायचं ते एवढं: दोन्ही ठरावांच्या नकलांसाठी अर्ज द्या, 23 नंबरला बोळाची नोंद बघा, आणि ज्यांच्या रानाकडं पाणी जाणार आहे त्यांच्या घरी जाऊन बसा. ते कुठल्याही गटाचे असोत. पाणी उघड्यावर न सोडता पाइपनं ओढ्यापर्यंत नेऊ, हे त्यांना कागदावर दाखवलं तर संमती मिळायला फारशी अडचण येत नाही. नोंद नसेल तर ती करून घेण्याचा विषय येत्या मासिक सभेच्या पत्रिकेवर घ्या, म्हणजे ऑक्टोबरात अभियंत्याला मोजणीला बोलावता येईल.